दुधाची किटली आणि किफिसिया

आमच्या कॉलनीत संध्याकाळी फिरायला निघणारं पहिलं जोडपं म्हणजे माझे सासू-सासरे. त्यातले सासरे फिरायला जायचे आणि सासू दूध आणायला जायची. दोघं एकाच वेळी निघायची, एकाच रस्त्यानं जायची आणि अंधार पडायच्या आत एकाच रस्त्यानं परत यायची. दूध काही यायचं नाही. दुधाचा रतीब आमच्याकडे सकाळीच येत असे, आणि डेअरी होती गावाच्या बाजूला, ही दोघं जायची ती बरोबर उलट दिशेला, ओढ्याकडे. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. तरी सासूबाईंच्या हातात किटली असायचीच, घासून लख्ख केलेली, झाकण लावलेली, आत ठणठणीत रिकामी.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. दोघंही मूळची अवसरी बुद्रुकची. मामंजी तरुणपणी वायरमनचं काम शिकून मुंबईच्या गोदीत लागले आणि तिथून एका ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून गेले. बरीच वर्षं समुद्रावर काढल्यावर पाठीनं दगा दिला, तेव्हा त्या मालकानं त्यांना जहाजावरून उतरवून स्वतःच्या बंगल्यावर नेलं. पाण्याचे पंप, जनरेटर, बागेतले दिवे, फाटकाची मोटार, असलं सगळं बघायला. तो बंगला अथेन्सच्या उत्तरेला किफिसिया नावाच्या उपनगरात होता. इकडे आत्याबाई अवसरीत बटाटा लावत होत्या, म्हशी सांभाळत होत्या आणि नवऱ्याच्या रजेची वाट बघत होत्या. आयुष्यातली चांगली वर्षं दोघांनी अशी दोन टोकांना काढली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मामंजी कायमचे परत आले आणि त्यांनी जुन्नरच्या बाहेर एका नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन बंगला बांधला. अवसरीची भावकी हसली. एवढं परदेशात राहून घ्यायचंच होतं तर पुण्याला घ्यायचं, जुन्नरला काय ठेवलंय? मामंजी म्हणाले, "डोंगर पायजे. गावापासून जरा लांब पायजे. किफिसिया असंच हाय." त्यानंतर एखाद्या वर्षानं मी सून म्हणून त्या घरात आले. जुन्नरच्याच एका शाळेत इतिहास शिकवायची नोकरी मला लागली होती. आमचे हे मंचरला कामाला, सकाळी जायचे ते रात्रीच्या जेवणाला यायचे. त्यामुळे संध्याकाळचा तमाशा बघायला घरात मी एकटीच असायची, आणि मी तो मन लावून बघायची.

आमची कॉलनी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. आधी तिथं ज्वारी-बाजरीची पडीक होत चाललेली रानं होती. रानाच्या मालकानं प्लॉट पाडले, मध्ये मुरमाचा रस्ता काढला आणि रस्त्याच्या तोंडाशी एक कमान उभी केली. कमान आली की झाली कॉलनी. पहिला बंगला बांधला एका डॉक्टरांनी, दुसरा कांद्याच्या व्यापाऱ्यानं. व्यापाऱ्यानं फाटकाच्या खांबांवर दोन सिंह बसवले. ते सिंह बघून पुढच्यानं गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवला. मग निवृत्त हेडमास्तर आले, त्यांना जनावर परवडलं नाही, त्यांनी नुसतं कारंजं केलं आणि त्यात कधी पाणी सोडलं नाही. प्रत्येक बंगल्यावर आईच्या नाहीतर कुलदैवताच्या कृपेची पाटी होती. गावातले लोक आमच्या कॉलनीला 'श्रीमंतांची आळी' म्हणायचे आणि रविवारी पोराबाळांना घेऊन नुसते बंगले बघायला यायचे.

मामंजींना या सगळ्याचं भारी कौतुक. त्यांना त्यात किफिसियाच दिसायचं. ते सांगायचे, तिथंही आधी काही नव्हतं. अथेन्स उन्हाळ्यात तापतं, आणि हे गाव डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याच्या पाण्याचं, मोठमोठ्या चिनारांच्या सावलीचं. म्हणून पैसेवाले उन्हाळ्यापुरते हवा खायला यायचे. मग आगगाडी आली आणि येणारे राहूच लागले. ज्यानं त्यानं आपल्या हौसेनं बंगले बांधले, कुणी बर्फाच्या मुलखात असतं तसं उतरतं छप्पर केलं, तेही जिथं बर्फ पडला की पेपरात बातमी येते तिथं, तर कुणी किल्ल्यासारखा बुरूज काढला, ज्यावर चढायला जिनाच अरुंद. "घरोघरी मातीच्या चुली," मामंजी म्हणायचे. "त्यांचा बुरूज, आपला सिंव्ह." पिरेअस बंदरातून निघणारी विजेची गाडी शेवटी किफिसियालाच जाऊन थांबते, हे सांगताना ते दोन्ही हात लांब पसरायचे. एका टोकाला खलाशी, दुसऱ्या टोकाला जहाजांचे मालक. त्यांनी दोन्ही टोकं बघितली होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पण किफिसियातली एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. संध्याकाळी ऊन उतरलं की तिथं सगळं गाव रस्त्यावर येतं, म्हणायचे. जोडीजोडीनं. हातात काही नाही, कुठं पोचायचं नाही. चौकापर्यंत जायचं, दुकानाच्या काचेत बघायचं, ओळखीचं कुणी दिसलं तर मान हलवायची आणि परत यायचं. पिकल्या केसांची माणसं बायकोच्या हातात हात घालून चालायची. मामंजी तेव्हा फाटकाबाहेरच्या झाडांना पाणी घालत उभे असायचे. एक म्हातारं जोडपं रोज जाताना त्यांना हात करायचं. त्यांना हात करताना एके दिवशी मामंजींनी मनाशी ठरवलं की घरी गेल्यावर दुसरं काही नको, हे एवढं करायचं. संध्याकाळी बायकोला बरोबर घेऊन चालायचं, शेजारी शेजारी, रिकाम्या हातानं.

हे त्यांनी मला सांगितलं होतं. आत्याबाईंना सांगायची त्यांची छाती नव्हती. त्यांना ते नुसतं म्हणायचे, "चल गं."

"कुठं?"

"कुठं न्हाई. उगंच."

आणि तिथंच गाडी अडायची. आमच्याकडे रस्त्यात माणूस भेटलं की पहिला प्रश्न, "कुठं निघाला?" त्याला उत्तर द्यावं लागतं. बाजारला, दवाखान्यात, लेकीकडे, काहीही चालतं, पण काहीतरी हवं. बाप्यानं "उगंच" म्हटलं तर तो रिकामटेकडा ठरतो. बाईनं म्हटलं तर काय ठरतं ते कुणाला माहीत नव्हतं, कारण तसं कुणी म्हटलंच नव्हतं. आत्याबाई जन्मभर घराबाहेर पडल्या त्या हातात काहीतरी घेऊनच. खुरपं, पाटी, हंडा, भाकरीचं फडकं.

"रिकाम्या हातानं बाई मयतीला जाती," त्यांनी मामंजींना बजावलं. "मी न्हाई येनार."

मामंजींनी आठवडाभर एकट्यानं फेऱ्या मारल्या. पायात पॉलिश केलेले बूट, इस्त्रीची पँट, आणि चेहरा पडलेला. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. आठव्या-नवव्या दिवशी त्या आत गेल्या, फडताळातून किटली काढली, पदर नीट केला आणि फाटकाशी येऊन म्हणाल्या, "चला. दूध आनायचंय."

घरात पातेलंभर दूध होतं. मी तोंड उघडणार होते, पण मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटून घेतलं.

तेव्हापासून रोज हा कार्यक्रम. पुढं मामंजी, मागं चार पावलांवर आत्याबाई. मामंजी हळू झाले की त्या हळू व्हायच्या, ते थांबले की त्या वाकून पायातला नसलेला काटा काढायच्या. कुणी विचारलं, "कुठं निघाला?" की मामंजी म्हणायचे "उगंच", आणि त्यांचा शब्द जमिनीवर पडायच्या आत मागून आत्याबाईंचा आवाज यायचा, "दूध आनाया." मामंजी मग चालता चालता मागं वळून किफिसियाच्या गोष्टी सांगायचे. मान मोडायची बिचाऱ्यांची. पण माणूस खूश होता. शेजारी नाही तर मागं, रिकाम्या हातानं नाही तर किटली घेऊन, पण बायको रस्त्यावर आली होती.

आता कॉलनीतल्या लोकांना हे कळत होतं आणि ती शहाणी माणसं गप्प होती. घोटाळा केला ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं. साधा, सज्जन माणूस. रोज ही म्हातारी दुधासाठी ओढ्यापर्यंत येते आणि रिकाम्या किटलीनं परत जाते, हे त्याला बघवेना. एका संध्याकाळी त्यानं काही न विचारता किटली घेतली आणि म्हशीचं धारोष्ण दूध गळ्यापर्यंत भरून दिली. पैसे घेईना. "पावणं, तुमी रोज हेलपाटा घालता. आमच्याकडं लई दूध हाय." आत्याबाईंना नको म्हणता येईना. दूध नको म्हटलं तर मग आलात कशाला?

म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशीही त्यानं किटली भरली, तिसऱ्याही. सकाळचा रतीब होताच. आमच्याकडे दुधाला विरजण लावायला भांडं उरेना. मी कढी केली, बासुंदी केली, पनीर करायला शिकले, डॉक्टरांकडे आणि हेडमास्तरांकडे लोटके पाठवले. मांजरानं आमच्या घराचा नाद सोडला, त्याला सायीचा वीट आला. मी शेवटी म्हटलं, "आत्याबाई, उद्यापासून किटली नका नेऊ." तर त्या म्हणाल्या, "मंग काय नेऊ?" जायचंच कशाला, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मी मामंजींना ते सांगितलं, तर ते कितीतरी वेळ नुसते हसत बसले होते.

तोडगा मामंजींनीच काढला. त्यांनी त्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार बघून दिली, वायरिंग नवं केलं, आणि त्याला एकट्याला गाठून काय ते सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून तो लांबूनच हात करायचा आणि म्हणायचा, "आज म्हस आटली बरं का, आजी." ती म्हैस पुढं कित्येक वर्षं आटलेलीच होती.

त्याच सुमाराला शाळेतल्या मुलांना घेऊन मी लेणी बघायला गेले. जुन्नरच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात काही दाते यवन आहेत. यवन म्हणजे बहुधा ग्रीकच, असं अभ्यासक म्हणतात. त्यातल्या एकानं पाण्याच्या दोन टाक्या दान दिल्यात. नाणेघाटातून व्यापारासाठी येणारे, इथंच राहिलेले लोक असणार. घरी येऊन मी हे मामंजींना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

"म्हंजी त्यांनी हितं येऊन पान्याची टाकी खोदली, आनि मी तिथं जाऊन पान्याची मोटार दुरुस्त केली," ते म्हणाले. "फिट्टंफाट झाली की गं."

मग ते दोन हजार वर्षांपूर्वीचे यवन जुन्नरमध्ये राहायचे कुठं, याचा त्यांनी छडा लावायला घेतला. त्यांचं म्हणणं, पैसेवाला माणूस बाजारात राहत नाही, तो जरा बाहेर, डोंगराच्या पायथ्याला, वारं असेल तिथं राहतो. म्हणजे आपली कॉलनी जिथं आहे तिथंच. याला पुरावा काही नव्हता. पण ते आत्याबाईंना गंभीरपणे सांगायचे की आपण चालतोय त्या रस्त्यावरून यवन आपापल्या बायकांना घेऊन संध्याकाळी फिरायचे. आत्याबाई मागून विचारायच्या, "आन दूध कोन आनायचं?"

दोन हजार सालानंतर कॉलनी बदलली. मुरमाच्या रस्त्यावर डांबर आलं, फाटकांमागं चारचाकी आल्या. पोरं पुण्याला, काही परदेशात गेली. पहिला बंगला बांधणारे डॉक्टर वारले, आणि त्यांच्या मुलांनी बंगला बिल्डरला दिला. जागा मालकाची, पैसा बिल्डरचा, वर मालकाला दोन फ्लॅट. पाडापाडी चालू असताना मामंजी रोज कमानीपाशी थांबून बघायचे. ते म्हणाले, किफिसियात अगदी असंच झालं होतं. बुरुजाचे बंगले असेच गेले, त्याच बोलीवर, आणि त्या जागी बाल्कन्यांच्या इमारती आल्या. तिथं शेजारची म्हातारी मालकीण स्वतःच्याच अंगणावर बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि खाली झाड कुठं होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं दाखवायची. मला तेव्हा वाईट वाटलं. हसत हसत आपण ज्याला श्रीमंतांची आळी म्हणतो, तिला म्हातारपण यायला पंधरा वर्षंही लागत नाहीत. सिंहांचे खांब मात्र अजून होते, एकाचा कान गेला होता.

आणखी एक झालं. संध्याकाळचा रस्ता माणसांनी भरला. कुणाला साखर निघाली, कुणाला बीपी, आणि गावातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना चालायला सांगितलं. पांढरे बूट घालून बायका हात हलवत निघायला लागल्या. कुणी विचारलं की ठणकावून सांगायच्या, "शुगर आहे हो." मला हसू यायचं. प्रत्येकीच्या हातात आपापली किटलीच होती, फक्त दिसत नव्हती. मी आत्याबाईंना म्हटलं, "बघा, सगळ्या जातात. आता ठेवा ती घरी." त्या म्हणाल्या, "त्यान्ला आजार हाय. मला काय झालंय?"

मामंजी थकले होते. एकदा मला हळूच म्हणाले, "तुझी आत्या एकदा तरी नुसती येईल का गं?" मी येतील म्हटलं. मला तसं वाटत नव्हतं.

आणि मग एका पहाटे मामंजींची उजवी बाजू गेली. पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना धरून धरून चालवायचं होतं, रोज, न चुकता. घरात चालवून भागेना. एका संध्याकाळी आत्याबाईंनी त्यांना बूट घातले, नाडी बांधली, उजवा हात आपल्या खांद्यावर घेतला, आपला डावा हात त्यांच्या कमरेभोवती घातला आणि दुसऱ्या हातानं तो खांद्यावरचा हात गच्च धरला. किटली धरायला हातच उरला नाही. फाटकातून ती दोघं बाहेर पडली ती शेजारी शेजारी, सगळ्या कॉलनीच्या देखत. मी मागं काठी घेऊन.

सिंहांच्या बंगल्यापाशी व्यापाऱ्याच्या बायकोनं विचारलं, "कुठं निघाला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सवयीचा प्रश्न आला तोंडात.

मामंजींच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हते. तरी त्यांनी प्रयत्न केला. "उ..." एवढंच आलं.

"ह्यान्ला चालवाया," आत्याबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय."

मामंजी वाकड्या तोंडानं हसले. रात्री मी त्यांना भरवत होते तेव्हा त्यांनी डाव्या हातानं भिंतीवरच्या खुंटीकडे दाखवलं, तिथं किटली टांगलेली होती, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. मला कळायला वेळ लागला. आता तेच आत्याबाईंची किटली झाले होते. मी रडायला लागले तर त्यांनी मला भात पुढं कर म्हणून खूण केली.

तशी दोघं दीड-दोन वर्षं चालली. आधी ओढ्यापर्यंत, मग कमानीपर्यंत, मग नुसती फाटकापर्यंत. एका हिवाळ्यात मामंजी गेले. मयतीला माणसं खूप आली. ओढ्यापलीकडचा शेतकरीही आला, आणि कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

वर्षभर आत्याबाई फाटकाबाहेर पडल्या नाहीत. त्यांना अवसरीला घेऊन जातो म्हटलं, तर नको म्हणाल्या. संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. मी शाळेतून येऊन चहा द्यायची, तो गार व्हायचा.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी अंगणातले वाळलेले कपडे गोळा करत होते. आत्याबाई आतून आल्या. पातळ बदललेलं, पायात चपला. फाटकाशी थांबून त्यांनी शिवनेरीकडे कललेलं ऊन बघितलं आणि कडी काढली. दोन्ही हात मोकळे, बाजूला सोडलेले. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं, कारण त्या ते पुन्हा पुन्हा पदराला लावत होत्या. मी किटली आणायला उठणार होते, पण उठले नाही.

समोरून व्यापाऱ्याची बायको पांढऱ्या बुटांत येत होती. एवढ्या दिवसांनी आत्याबाईंना रस्त्यावर बघून ती थबकली.

"कुठं निघाला, मावशी?"

आत्याबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"कुठं न्हाई," त्या म्हणाल्या. "उगंच."

आणि त्या ओढ्याकडे चालायला लागल्या, कुंपणाच्या कडेनं, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.